चॅपेल हिल : एका विद्यापीठाचें गांव



गांव आधीं वसतें आणि मग त्यांत शाळा, विद्यालयें व विद्यापीठ निघतें, असा आपला नेहमींचा अनुभव. मुंबई ही व्यापाराची पेठ म्हणून आधीं नांवारूपाला आली आणि तिचें विद्यापीठ मागाहून, १८५७ सालीं, स्थापन झालें. अमेरिकेंत मात्र कांहीं गांवें अशीं आहेत कीं, तेथें आधीं विद्यापीठ आलें आणि त्याच्या आश्रयानें गांव वसलें. विद्यार्थ्यांना खानावळ पाहिजे, अध्यापकांना घर पाहिजे, दोघांनाही धोबी, न्हावी आणि पुस्तकांचा दुकानदार पाहिजे. अशा गरजांतून एकेक बिऱ्हाड येत गेलें आणि त्यांतून रस्ता व बाजार झाला. अशा गांवाला तिकडे 'कॉलेज टाऊन' म्हणतात. आपण त्याला विद्यापीठाचें गांव म्हणूं. अशाच एका गांवाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. त्याचें नांव चॅपेल हिल.

हें गांव नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत, राजधानी रॅली हिच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस मैलांवर एका टेकडीवर वसलेलें आहे. अमेरिकेंत 'दक्षिण' या शब्दाला केवळ दिशेचा अर्थ नाहीं. ज्या संस्थानांत गुलामगिरीची चाल होती आणि जीं ती टिकविण्यासाठीं १८६०-६१ सालीं संघराज्यांतून फुटून निघालीं, त्यांच्या मुलखाला 'दक्षिण' म्हणतात. नॉर्थ कॅरोलायना हें त्यांपैकींच एक. म्हणून दक्षिणेंतील विद्यापीठाच्या गांवाची हकीकत सांगावयाची म्हणजे दोन गोष्टी बरोबर सांगाव्या लागतात. एक विद्येची, आणि दुसरी ती विद्या कोणाला मिळाली व कोणाला नाकारली गेली याची. पहिली सांगून दुसरी टाळली तर ती स्तुति होईल, इतिहास होणार नाहीं.

१७७६ सालीं स्वातंत्र्य पुकारल्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या लोकांनीं जी राज्यघटना केली, तिच्यांतच विद्यापीठ काढण्याविषयींचें एक कलम होतें. पुढें युद्ध चाललें, आणि स्थिरस्थावर होण्यास कांहीं वर्षें गेलीं. १७८९ च्या डिसेंबर महिन्यांत विल्यम रिचर्डसन डेव्ही या गृहस्थांनीं विधिमंडळांत विद्यापीठाचा कायदा मंजूर करून घेतला. डेव्ही हे वकील होते आणि स्वातंत्र्ययुद्धांत घोडदळाचे अधिकारी म्हणून लढले होते. विद्यापीठासाठीं जागा पाहतांना ती संस्थानाच्या साधारण मध्यभागीं असावी, असा विचार करण्यांत आला. निवडलेल्या टेकडीवर इंग्लंडच्या धर्मपंथाचें एक जुनें प्रार्थनामंदिर होतें. त्याला 'न्यू होप चॅपेल' म्हणत. चॅपेलवरून टेकडीला नांव पडलें आणि टेकडीवरून गांवाला. १२ ऑक्टोबर १७९३ रोजीं पहिल्या इमारतीची कोनशिला बसविली, आणि त्याच दिवशीं गांवठाणांतील जागांचे तुकडे लिलावानें विकले. विद्यापीठ आणि गांव हीं अशीं जुळीं भावंडें आहेत.

१५ जानेवारी १७९५ रोजीं विद्यापीठ उघडलें. गव्हर्नर समारंभाला आले, अध्यापक होते, इमारत होती. पण विद्यार्थी एकही नव्हता. हिंटन जेम्स नांवाचा पहिला विद्यार्थी १२ फेब्रुवारीला येऊन दाखल झाला. तो समुद्राकांठच्या विल्मिंग्टनकडचा. दीडशेंहून अधिक मैल तो पायीं चालत आला, असें परंपरेनें सांगतात. सुमारें दोन आठवडे साऱ्या विद्यापीठांत तो एकटाच विद्यार्थी होता. शेजारच्या जॉर्जिया संस्थानानें विद्यापीठाचा कायदा १७८५ सालींच केला होता, पण तेथें वर्ग सुरू व्हावयास १८०१ साल उजाडलें. त्यामुळें सरकारी विद्यापीठांपैकीं सर्वांत आधीं दार उघडण्याचा मान चॅपेल हिलकडे जातो. ती पहिली इमारत 'ओल्ड ईस्ट' आजही उभी आहे आणि आजही विद्यार्थ्यांचें वसतिगृहच आहे.

विद्यापीठ उघडलें त्याच वर्षीं विद्यार्थ्यांनीं वादविवादाची मंडळी काढली आणि लवकरच तिच्या दोन झाल्या. एकीचें नांव डायलेक्टिक, दुसरीचें फिलँथ्रॉपिक. पुढें पश्चिमेकडील डोंगराळ भागांतील मुलें पहिलींत आणि पूर्वेच्या सखल प्रदेशांतील मुलें दुसरींत जात. या मंडळ्यांनीं आपआपलीं ग्रंथालयें जमविलीं, आणि आपल्या सभासदांच्या वागणुकीचीं बंधनेंही स्वतःच घालून घेतलीं. संस्थानांतील अनेक पुढारी सभेंत बोलावयास प्रथम येथेंच शिकले. डायलेक्टिकची खूण फिकट निळी फीत आणि फिलँथ्रॉपिकची पांढरी. आज विद्यापीठाच्या खेळाडूंच्या अंगावर आणि सणासुदीला गांवच्या घरादारांवर जो फिकट निळा व पांढरा रंग दिसतो, त्याचा उगम असा वादविवादाच्या सभांत आहे.

गांवचीं आणखी दोन दैवतें सांगतों. एक झाड आणि दुसरी विहीर. झाड म्हणजे 'डेव्ही पॉप्लर' नांवाचा जुना वृक्ष. याच्याच सावलींत बसून डेव्हींनीं विद्यापीठाची जागा मुक्रर केली, अशी दंतकथा आहे. कागदपत्रांप्रमाणें जागा समितीनें रीतसर पाहून ठरविली. पण कागदपत्रांपेक्षां झाडाची गोष्ट लोकांना अधिक आवडते. १८७३ सालीं त्यावर वीज पडली, तरी तें वांचलें. 'हें झाड आहे तोंवर विद्यापीठ आहे' अशी समजूत असल्यामुळें १९१८ सालीं त्याचेंच एक रोप जवळ लावून ठेवण्यांत आलें. विहिरीनें विद्यापीठाच्या वसतिगृहांना पुष्कळ वर्षें पाणी पुरविलें. १८९७ सालीं विद्यापीठाचे अध्यक्ष ऑल्डरमन यांनीं तिच्यावर गोल खांबांचा घुमटदार मंडप बांधविला. त्याचा नमुना फ्रान्समधील व्हर्सायच्या बागेंतील एका मंडपाचा. आतां तेथें नळ आहे. वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशीं जो त्याचें पाणी पिईल त्याला उत्तम गुण मिळतात, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा आहे, आणि त्या दिवशीं तेथें लांब रांग लागते.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. विद्यापीठाच्या पहिल्या इमारती उभारणाऱ्या मजुरांत गुलाम होते. त्यांच्या कामाचा मोबदला त्यांच्या मालकांना मिळे. विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडणें, पाणी भरणें, शेकोटीसाठीं लांकडें आणून देणें हेंही काम गुलामच करीत. शिवाय, संस्थानांत जी मालमत्ता बेवारस पडेल ती विद्यापीठाला मिळावी, अशी कायद्यांत तरतूद होती. त्या काळीं माणूससुद्धां मालमत्तेंत मोजला जात असल्यामुळें, निर्वारस मेलेल्या मालकाचे गुलाम विद्यापीठाच्या वांट्याला येत, आणि त्यांना विकून आलेला पैसा शिक्षणाच्या कामीं लागे. दुसऱ्याचीं मुलें विकून आपलीं मुलें शिकविण्याचा हा व्यवहार त्या काळच्या सुविद्य विश्वस्तांना खटकला नाहीं. विद्या माणसाला आपोआप न्यायी करते, हा समज किती भाबडा आहे हें यावरून दिसतें.

याच काळांत चॅपेल हिलच्या रस्त्यावर एक विलक्षण माणूस दिसे. जॉर्ज मोझेस हॉर्टन हें त्यांचें नांव. जन्म १७९८ च्या सुमाराचा. शेजारच्या चॅटम परगण्यांतील एका शेतकऱ्याचे ते गुलाम. जुन्या अंकलिपीच्या व स्तोत्रांच्या पुस्तकावरून ते आपले आपणच वाचावयास शिकले होते, पण लिहितां येत नव्हतें. रविवारीं फळें विकण्यास ते चालत चॅपेल हिलला येत. हा माणूस मनांतल्या मनांत कविता रचतो, हें विद्यार्थ्यांना कळलें, आणि फळांपेक्षां कवितांचाच व्यापार वाढला. विद्यार्थी आपल्या प्रेयसीचें नांव सांगत. हॉर्टन अशी कविता रचीत कीं, प्रत्येक ओळीचें पहिलें अक्षर घेतलें असतां तें नांव व्हावें. ते सांगत आणि विद्यार्थी उतरून घेत. एका कवितेला पंचवीसपासून पंचाहत्तर सेंटांपर्यंत मोल मिळे. एका प्राध्यापकाच्या पत्नी कॅरोलाइन हेंट्झ या स्वतः लेखिका होत्या. त्यांनीं हॉर्टन यांच्या कविता लिहून घेतल्या व छापून येण्यास मदत केली. १८२९ सालीं रॅली येथें त्यांचा 'द होप ऑफ लिबर्टी', म्हणजे 'स्वातंत्र्याची आशा', हा संग्रह छापला गेला. दक्षिणेंत कृष्णवर्णीय माणसाचें छापलेलें हें पहिलें पुस्तक. त्याच्या विक्रीच्या पैशांतून स्वतःला विकत घेऊन मुक्त व्हावें, हा हेतु होता. तेवढा पैसा जमला नाहीं. पुढें मालकाला रोजची ठरावीक रक्कम देऊन ते स्वतःचा दिवस विकत घेत आणि चॅपेल हिलला राहून कविता विकीत. मुक्तता मिळाली ती १८६५ सालीं, युद्ध संपल्यावर. तेव्हां त्यांचें वय सदुसष्टाच्या घरांत होतें. ज्या विद्यापीठांतील मुलांनीं त्यांच्याकडून काव्य विकत घेतलें, त्याच्या वर्गांत मात्र ते विद्यार्थी म्हणून कधींच बसूं शकले नाहींत. आज तेथील एका वसतिगृहाला त्यांचें नांव आहे.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धांत विद्यापीठ कसेंबसें चालूं राहिलें. बहुतेक विद्यार्थी सैन्यांत गेले. एप्रिल १८६५ मध्यें उत्तरेकडील फौज गांवांत शिरली. तिचे सेनापति जनरल ॲटकिन्स यांचें विद्यापीठाचे अध्यक्ष स्वेन यांच्या कन्येवर मन बसलें आणि कांहीं महिन्यांतच दोघांचें लग्न झालें. शत्रूच्या सेनापतीला मुलगी दिली म्हणून गांव अध्यक्षांवर रुष्ट झालें. पुढें पैसा आटला, विद्यार्थी आटले, राजकारणाचे तंटे शिरले, आणि १८७१ सालीं विद्यापीठ बंद पडलें. विद्यापीठ नाहीं म्हटल्यावर गांवांत राहिलें काय? दुकानें ओस पडलीं आणि घरें रिकामीं झालीं. कॉर्नेलिया फिलिप्स स्पेन्सर या विदुषींनीं वर्तमानपत्रांतून लिहून आणि पुढाऱ्यांना पत्रें पाठवून विद्यापीठ पुन्हां उघडण्याची खटपट चालविली. २० मार्च १८७५ रोजीं, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशींच, विद्यापीठ उघडणार अशी बातमी आली; तेव्हां त्यांनीं इमारतींत जाऊन विद्यापीठाची घंटा वाजविली. ही गोष्ट तेथें फार प्रसिद्ध आहे. परंतु याच बाई गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांना बरोबरीचे हक्क देण्याच्या विरुद्ध होत्या, हेंही तितकेंच खरें. त्यांच्या घंटेच्या नांवानें दिलें जाणारें एक पारितोषिक विद्यापीठानें २००४ सालीं याच कारणास्तव बंद केलें.

१८८२ सालीं रेल्वे आली, पण तिचें स्टेशन विद्यापीठापासून मैलभर दूर पश्चिमेला झालें. स्टेशनाभोंवतीं सुताची गिरणी निघाली आणि गिरणीभोंवतीं कामकऱ्यांची वस्ती. टेकडीवर प्राध्यापक आणि स्टेशनाजवळ कामकरी, अशीं दोन गांवें शेजारीं शेजारीं वाढलीं. त्या वस्तीला १९११ सालीं विद्यापीठाचे अध्यक्ष व्हेनेबल यांचें नांव दिलें होतें. तें बदलून १९१३ सालीं गिरणीचे मालक ज्युलियन कार यांच्या नांवावरून 'कारबरो' असें केलें. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत विद्यापीठाच्या प्रवेशदारीं दक्षिणेच्या पक्षानें लढलेल्या विद्यार्थ्यांचें स्मारक म्हणून बंदूकधारी शिपायाचा पुतळा उभारण्यांत आला. त्याला पुढें 'सायलेंट सॅम', म्हणजे मुका सॅम, असें म्हणूं लागले. अनावरणाच्या सभेंत कार यांनीं भाषण केलें, आणि युद्धानंतर याच जागेपासून थोड्या अंतरावर आपण एका कृष्णवर्णीय बाईला चाबकानें फोडून काढलें, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें. हें भाषण विद्यापीठाच्या दप्तरांत पडून होतें. पुष्कळ वर्षांनीं तें बाहेर आलें, तेव्हां पुतळा कशाचें स्मारक आहे हा वाद पेटला. २० ऑगस्ट २०१८ च्या रात्रीं निदर्शकांनीं तो दोर लावून पाडला.

त्याच कारबरोच्या रुळांजवळ १८९३ च्या सुमारास एलिझाबेथ कॉटन या मुलीचा जन्म झाला. ती डावखुरी. गिटार उलटी धरून ती आपली आपणच वाजवूं लागली आणि अकरा-बारा वर्षांची असतां घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिनें एक गाणें रचलें. 'फ्रेट ट्रेन' या नांवानें तें पुढें जगभर गाइलें गेलें. लहानपणापासून तिनें लोकांच्या घरीं धुणींभांडीं केलीं. उतारवयांत तिचा गुण जगापुढें आला, आणि १९८५ सालीं नव्वदीच्या घरांत असतांना तिला ग्रॅमी हें संगीताचें मोठें पारितोषिक मिळालें. विद्यापीठाच्या गांवची संस्कृति विद्यापीठांतच निर्माण होते असें नाहीं, हें या बाईंनीं दाखविलें.

विद्यापीठाची कीर्ति खरी पसरली ती १९१४ नंतर. अध्यक्ष एडवर्ड किडर ग्रॅहॅम यांचा आग्रह असा कीं, विद्यापीठाची हद्द कुंपणापाशीं संपूं नये, साऱ्या संस्थानाची हद्द तीच विद्यापीठाची हद्द व्हावी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत ते वारले, पण त्यांचा विचार टिकला. त्याच वर्षीं फ्रेडरिक कॉख हे प्राध्यापक आले आणि त्यांनीं 'कॅरोलायना प्लेमेकर्स' ही नाटकमंडळी काढली. आपल्या खेड्यांतील माणसें, त्यांची बोली, त्यांचे तंटे यांवर नाटकें लिहा, असें ते विद्यार्थ्यांना सांगत. त्यांच्या हाताखालीं टॉमस वुल्फ या विद्यार्थ्यानें स्वतः लिहिलेल्या नाटकांत काम केलें. हाच पुढें मोठा कादंबरीकार झाला, आणि १९२९ सालच्या आपल्या पहिल्या कादंबरींत त्यानें चॅपेल हिलचें चित्र 'पल्पिट हिल' या बदललेल्या नांवानें रंगविलें. दुसरा विद्यार्थी पॉल ग्रीन. कृष्णवर्णीय शिक्षकाच्या आयुष्यावरील त्याच्या नाटकाला १९२७ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९२२ सालीं विद्यापीठानें स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. समाजशास्त्राचे प्राध्यापक हॉवर्ड ओडम यांनीं १९२४ सालीं संशोधनसंस्था स्थापन करून दक्षिणेचें दारिद्र्य, शेती व वर्णभेद यांची शास्त्रीय पाहणी आरंभिली. दक्षिणेंतील सर्वांत उदार विद्यापीठ, असा चॅपेल हिलचा लौकिक झाला.

या लौकिकाची परीक्षा १९३८ च्या डिसेंबर महिन्यांत झाली. त्या महिन्याच्या ५ तारखेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट चॅपेल हिलला आले. विद्यापीठानें त्यांना सन्मानाची पदवी दिली, आणि त्यांनीं विद्यापीठाच्या उदारमतवादाची वाखाणणी केली. त्याच सुमारास पॉली मरे या तरुणीचा पदव्युत्तर वर्गांत प्रवेशासाठीं अर्ज आला होता. ती शेजारच्या डरहॅम गांवांत वाढलेली. भाषणाला दहा दिवसही झाले नसतील, तोंच विद्यापीठाचें उत्तर गेलें कीं, कृष्णवर्णीयांना येथें प्रवेश नाहीं. तिच्या आजीचा जन्म एका गोऱ्या जमीनदार घराण्यांतील पुरुषापासून त्या घरच्या गुलाम स्त्रीच्या पोटीं झाला होता. त्याच घराण्यांतील एक पुरुष विद्यापीठाचा विश्वस्त होता, आणि त्याच घराण्यानें विद्यापीठाला जमीन दान दिली होती. पूर्वजांची देणगी विद्यापीठाला चालली. वंशज चालली नाहीं. मरे पुढें मोठ्या कायदेपंडित झाल्या, आणि १९७७ सालीं एपिस्कोपल पंथाच्या धर्मोपदेशक झाल्या. आपली पहिली प्रसाद-उपासना त्यांनीं चॅपेल हिलच्याच त्या चर्चमध्यें केली, जेथें त्यांच्या आजीला गुलाम असतांना बाप्तिस्मा मिळाला होता.

त्या वेळचे विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रँक पोर्टर ग्रॅहॅम यांचें नांव आपल्या देशाच्या इतिहासांतही येतें. ठेंगणे, साधे, कामकऱ्यांची बाजू घेणारे असे हे गृहस्थ १९३० ते १९४९ पर्यंत अध्यक्ष होते. वर्णभेद त्यांना मनांतून पटत नसे. पण संस्थानाचा कायदा मोडण्यास ते धजले नाहींत, म्हणून मरे यांना दार बंद राहिलें. १९४९ सालीं त्यांची वॉशिंग्टनच्या सिनेटवर नेमणूक झाली. पुढच्याच वर्षीं, ते वर्णांचें मिश्रण करूं पाहतात असा प्रचार करून विरोधकांनीं त्यांना निवडणुकींत पाडलें. कृष्णवर्णीयांसाठीं त्यांनीं फार थोडें केलें असें एका बाजूस वाटे, आणि दुसऱ्या बाजूस फार केलें म्हणून ते पडले. त्यानंतर १९५१ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं त्यांना काश्मीर प्रश्नासाठीं भारत व पाकिस्तान यांच्याकडे आपला प्रतिनिधि म्हणून पाठविलें. काश्मिरांतून सैन्य काढून घेण्याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत घडविण्याचा त्यांनीं पुष्कळ प्रयत्न केला. पण तें घडलें नाहीं.

भारताशीं चॅपेल हिलचा आणखी एक धागा जुळतो, आणि तो अधिक उजळ आहे. आंतरसंस्थानीय बसगाड्यांत वर्णावरून वेगळें बसविणें बेकायदा आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४६ सालीं दिला होता. दक्षिणेंत तो कोणी पाळीत नसे. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केलेल्या सोळा जणांची एक तुकडी, आठ गोरे आणि आठ कृष्णवर्णीय, एप्रिल १९४७ मध्यें बसनें दक्षिणेकडे निघाली. १३ एप्रिलला चॅपेल हिलच्या बसस्टँडवर त्यांपैकीं चौघांना पकडण्यांत आलें. एका टॅक्सीवाल्यानें तुकडींतील एकाच्या डोक्यांत ठोसा मारला. त्या सर्वांना आपल्या घरीं आश्रय देणारे स्थानिक धर्मोपदेशक चार्ल्स जोन्स यांच्या दारापर्यंत जमाव चालून गेला. उदार म्हणून नांवाजलेल्या गांवांत हें घडलें. पकडलेल्यांपैकीं बायर्ड रस्टिन हे १९४८ च्या अखेरीस भारतांत येऊन गेले, आणि परतल्यावर १९४९ सालीं आपण होऊन शिक्षा भोगण्यास हजर झाले. साखळदंडाच्या टोळींत त्यांनीं बावीस दिवस रस्त्यावर खडी फोडण्यासारखीं कामें केलीं. याच रस्टिन यांनीं १९६३ सालीं वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चाची व्यवस्था पाहिली. चॅपेल हिलच्या त्या शिक्षा न्यायालयानें रद्द केल्या त्या २०२२ सालीं. तोंपर्यंत शिक्षा झालेल्यांपैकीं कोणी हयात नव्हता.

दार उघडलें तें न्यायालयाच्या हुकुमानें. १९५१ सालीं कायद्याच्या वर्गांत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. वर्गांत जागा मिळाली, तरी फुटबॉलचा सामना पाहण्यास त्यांना वेगळ्या भागाचीं तिकिटें देण्यांत आलीं. त्यांनीं तीं नाकारून झगडा केला, तेव्हां इतर विद्यार्थ्यांबरोबर बसतां आलें. १९५५ सालीं डरहॅमच्या एका शाळेंतील तीन मुलें पदवीच्या वर्गांत आलीं. १९६३-६४ सालीं गांवांतील उपाहारगृहांच्या दारांत विद्यार्थ्यांनीं व रहिवाशांनीं धरणें धरलें, आणि अनेकांनीं तुरुंगवास पत्करला. १९६९ सालीं विद्यापीठाच्या भोजनगृहांतील कामकऱ्यांनीं, आणि त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय बायकाच होत्या, पगारासाठीं संप केला. त्याच वर्षीं गांवानें हॉवर्ड ली या कृष्णवर्णीय गृहस्थांना नगराध्यक्ष निवडलें. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या दक्षिणेंतील गांवांत असें त्यापूर्वीं घडलें नव्हतें.

आज गांवची वस्ती साठ हजारांच्या वर आहे. फ्रँकलिन स्ट्रीट हा मुख्य रस्ता. विद्यापीठाच्या संघानें बास्केटबॉलचा मोठा सामना जिंकला कीं सारें गांव या रस्त्यावर लोटतें. या खेळाचें वेड तेथें आपल्याकडील क्रिकेटसारखें आहे. १९५७ सालीं विद्यापीठाच्या संघानें बत्तीस सामने खेळून एकही गमावला नाहीं. अंतिम सामना तीन वेळां वाढवून अवघ्या एका गुणानें जिंकला. १९८२ च्या अंतिम सामन्यांत निर्णायक गोल करणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला मायकेल जॉर्डन. १९४९ सालीं उघडलेल्या तेथील तारांगणांत चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनीं ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याचे धडे घेतले. झाडांच्या गर्दींत जुन्या इमारतींजवळ २००५ सालीं एक काळ्या दगडाचें गोल टेबल बसविण्यांत आलें. २००२ सालच्या पदवीधर विद्यार्थ्यांची ती देणगी. टेबलाचा दगड ब्राँझच्या तीनशें लहान लहान मनुष्याकृतींनीं हातांवर तोलून धरला आहे. ज्यांनीं विद्यापीठ बांधलें आणि ज्यांचीं नांवें कोणी घेतलीं नाहींत, त्यांचें हें स्मारक.

प्रश्न मात्र संपलेला नाहीं. प्रवेश देतांना अर्जदाराचा वर्ण विचारांत घ्यावा कीं नाहीं, या खटल्यांत २९ जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें या विद्यापीठाच्या विरुद्ध निकाल दिला. वर्ण विचारांत घेण्याची पद्धति घटनेला धरून नाहीं, असें बहुमतानें ठरलें. म्हणजे ज्या विद्यापीठाला १९५१ सालीं न्यायालयानें कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्यास भाग पाडलें, त्याच विद्यापीठाला बहात्तर वर्षांनीं न्यायालयानें सांगितलें कीं, प्रवेशाच्या वेळीं वर्ण पाहूं नका. यांतील न्याय कोणता, यावर तेथील सुज्ञ लोकांत दोन मतें आहेत. आपल्या देशांतही हा वाद वेगळ्या रूपानें चालूं आहे, म्हणून त्याची कळ आपणांस लवकर समजेल.

आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या हकीकतींतून एक गोष्ट विशेष वाटते. चॅपेल हिलच्या कीर्तींत अध्यक्षांचा, प्राध्यापकांचा व नाटककारांचा वांटा मोठा आहे, यांत शंका नाहीं. पण त्या विद्यापीठाला आपल्या ध्येयाची आठवण वारंवार करून दिली ती बाहेर उभ्या राहिलेल्यांनीं. फळें विकतां विकतां कविता सांगणाऱ्या गुलामानें, नकाराचें पत्र हातीं घेऊन न थांबलेल्या मुलीनें, आणि बसमधील जागेवरून न उठलेल्या प्रवाशांनीं. त्यांपैकीं एकाचें नांव विद्यापीठानें आज आपल्या एका इमारतीला दिलें, हें चांगलेंच झालें. शाळा लहान असो कीं विद्यापीठ थोर असो, आंत बसलेल्या मुलांची हजेरी आपण रोज घेतों. दाराबाहेर कोण उभें आहे, याची हजेरीही अधूनमधून घेतली पाहिजे.